पद्मिनीचं दार

पुण्यातल्या माझ्या घरी कपाट आणि भिंत यांच्यामधल्या फटीत मोटारीचं एक दार उभं आहे. प्रीमिअर पद्मिनीचं, पुढचं, डाव्या बाजूचं. गाडीला कधीच न लागलेलं.

माझ्या वडिलांनी, अण्णांनी, ते आणलं तेव्हा पद्मिनी निघणं बंद झालं होतं. वालचंद हिराचंदांनी १९४४ साली काढलेली प्रीमिअर कंपनी, कुर्ल्याचा कारखाना. तिथल्या फियाट ११००ला १९७४ मध्ये पद्मिनी हे नाव मिळालं. आमच्या पद्मिनीसाठी अण्णांचा हिशेब सरळ होता. या गाडीला वेगळी चासी नाही, पत्र्याचं अंगच सगळा भार पेलतं. इंजिन उतरवून पुन्हा बांधता येतं; कोरा पत्रा बाजारातून गेला की गेला. म्हणून एक दार, एक बॉनेट, पुढची काच आणि क्रोमचा बंपर एवढं सामान मुंबईहून टेम्पोतून आमच्या रत्नागिरीच्या घरी आलं.

पडवीत त्यांनी जमिनीवर लाकडी रिपा मारल्या आणि वर गोणपाट घातलं. जमीन शेणाची असो की कोब्याची, पावसाळ्यात ओल सोडतेच. "पत्रा निजवायचा नाही, उभा ठेवायचा," असं ते बजावायचे. बॉनेट आडवं टाकलं की कुणीतरी त्यावर आंब्याची पेटी ठेवणारच. मधला पत्रा बसतो आणि टिंकरनं कितीही ठोकला तरी तिरप्या उजेडात ती लाट दिसते. काचही कडेवर उभी, खाली नमदा. बंपरला व्हॅसलीन चोळून वर जुन्या धोतराचं फडकं; वर्तमानपत्र मुळीच नाही, कारण ते ओल धरून बसतं. रबराचं बीडिंग टाल्कम पावडर लावून सैल वेटोळं करून ट्रंकेत. मला त्या ट्रंकेचा वास अजून आठवतो, रबराचा आणि पावडरचा एकत्र.

दसऱ्याला गाडी धुतली जायची आणि हे सामानही अंगणात यायचं. पावसाळाभर काय झालं ते बघायचा तोच दिवस. दाराच्या कडांवरून अण्णा बोटं फिरवत आणि मग त्यालाही झेंडूचं फूल लावत. मला तेव्हा ते लाड वाटायचे. ती तपासणी होती, हे फार उशिरा कळलं.

अण्णा गेल्यावर गाडी थोरल्या भावाकडे राहिली. दार मी पुण्याला आणलं, ते भर जुलैत. नीट राहावं म्हणून प्लास्टिकचा कागद गुंडाळून चहूकडून चिकटपट्टी मारली. रत्नागिरीची दमट, खारी हवा मीच आत कोंडली. दोन वर्षांनी सोडलं तर कागदाला आतून थेंब लोंबत होते. वर रेड ऑक्साइड शाबूत दिसत होतं, पण प्रायमर पाणी अडवत नाही, ते आत जिरू देतो. दाराच्या तळाशी बाहेरचा पत्रा आतल्या पत्र्यावर दुमडून बसवलेला असतो. त्या घडीवर ओळीनं फुगे आले होते. गंज लोखंडापेक्षा जास्त जागा मागतो, म्हणून तो रंग उचलतो. नखानं एक फुगा फोडला तर तपकिरी पूड हातात आली. मी तिथेच खाली बसलो. अण्णांनी इतकी वर्षं समुद्राकाठी सांभाळलेलं दार माझ्या हातून दोन वर्षांत गंजलं होतं.

घासलं, खरवडलं, नवा प्रायमर आणि त्यावर रंग दिला. पण घडीच्या आत ब्रश पोचत नाही. तिथे पातळ तेलच ओतावं लागतं, वरून, काचेच्या फटीतून. ते आपलं आपण उतरत तळाशी जातं.

ऑक्टोबर २०२३ मध्ये मुंबईच्या रस्त्यांवरून पद्मिनीची टॅक्सी कायमची गेली. त्या आठवड्यात भावाचा फोन आला. गाडीबद्दल आम्ही नेहमीपेक्षा जास्त वेळ बोललो. "दार आहे ना रे?" त्यानं विचारलं. आहे म्हटलं.

यंदाच्या दसऱ्याला ते बाहेर काढलं. तळाशी पाणी निघून जायला भोकं असतात, ती तारेनं मोकळी केली आणि वरून तेल सोडलं. पहिल्या दोन भोकांतून लगेच थेंब आले. तिसऱ्यातून येईना. पुन्हा तार घातली, थोडी माती निघाली आणि मग तिथूनही गोणपाटावर थेंब पडला.