खडीच्या ढिगातला खजिना

मुलांनो, रस्त्याकडेच्या खडीच्या ढिगात कधी निरखून पाहिलंत का? काळ्या दगडाच्या पोटात मधेच पांढरं, चमचमतं काहीतरी दिसतं. आमच्या वर्गातली पोरं त्याला सरसकट ‘गारगोटी’ म्हणतात. पण ती सगळीच गारगोटी नसते बरं का!

सह्याद्रीचा काळा कातळ म्हणजे सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी थिजलेला लाव्हा. त्यातल्या वायूच्या बुडबुड्यांच्या पोकळ्या राहिल्या. पुढे त्यांत खनिजं विरघळलेलं पाणी झिरपलं आणि स्फटिक वाढले. पुण्याजवळच्या वाघोलीचा निळाशार कॅव्हनसाइट तर जगभरचे छांदिष्ट जिवापाड जपतात. आणि आपण? सुरुंग लावतो नि खडी करतो! खडी हवीच म्हणा, रस्ते कशाचे करणार?

ओळखायचं कसं? जुन्या बाटलीवर घासा. काचेवर ठळक चरा पडला तर बहुधा गारगोटी. लिंबाचा थेंब टाकल्यावर बारीक बुडबुडे आले तर कॅल्साइट. हे प्रयोग फुटक्या तुकड्यावरच करा हं. केसांसारखे स्फटिक असतील तर ब्रश लावूच नका, भुगा होईल.

आणि चिठ्ठी! गाव, तारीख, कुठल्या ढिगातला ते लिहा. ठिकाण ठाऊक नसेल तर देखणा दगडही अभ्यासाला फारसा उपयोगी पडत नाही. एकसारखे दोन असतील तर एक मित्राला द्या, चिठ्ठीसकट.

खाणीत मात्र स्वतः उतरू नका. आमच्या वर्गातल्या एकाचे वडील क्रशरवर कामाला आहेत. हल्ली ते चमकणारे दगड आधीच बाजूला काढून ठेवतात. दर सोमवारी डबा येतो, जेवणाचा नव्हे!