नकाशांच्या दुकानात

आपल्या गावाचे नाव सांगताना आम्हां कोनवासीयांची हमखास गंमत होते. "कहाँ रहते हो?" "कोन." "अरे भाई, कौन नहीं, कहाँ?" मग कल्याणचा दुर्गाडी पूल, खाडी, भिवंडीचा रस्ता अशा खुणा सांगाव्या लागतात. शाळेतल्या मुलांना विचारावे, तर ती मोबाईल पुढे करतात. मोबाईल वाट दाखवतो. पण आपल्या उत्तरेला काय, खाडी कुठून वळते, हे मुलांना सांगता येत नाही.

कल्याण-भिवंडीच्या दुकानांत भारताचे, महाराष्ट्राचे, जिल्ह्याचे नकाशे मिळतात. कोन, पिंपळास, सरवली ही गावे नीट दिसतील असा नकाशा मात्र भारतीय सर्वेक्षण विभागाकडेच. हे खाते १७६७ सालचे. पुण्यात आळंदी रोडला फुलेनगरमध्ये त्याचे कार्यालय आहे. सुट्टीत धाकट्या मुलीला घेऊन कल्याणहून गाडी पकडली.

अशा ठिकाणी खरेदीची रीतच निराळी. गावाचे नाव सांगून भागत नाही. आधी सूचक नकाशावर बोट ठेवून आपला चौकोन शोधायचा, मग त्याचा क्रमांक मागायचा. जुन्या पद्धतीत कल्याण ४७ ई/४ वर येते आणि भिवंडी ४७ ई/३ वर. दोन्ही शहरांच्या मधून १९ अंश १५ मिनिटांची अक्षांश रेषा जाते आणि तिथेच कागद संपतो. म्हणजे आमचा परिसर पाहायचा, तर दोन नकाशे घेऊन कडेला कड जुळवायची. मुलीला हे कोडे फार आवडले.

या नकाशांवर एक सेंटिमीटर म्हणजे जमिनीवरचे अर्धा किलोमीटर. पाणी निळे, वस्ती आणि रस्ते लाल, शेती पिवळी, डोंगरांच्या रेषा तपकिरी. मंदिर, मस्जिद, चर्च, ईदगाह, कबरी, प्रत्येकाची वेगळी खूण. घरी आल्यावर मुलीने खाडीच्या वळणांवर दोरा ठेवून तिची लांबी मोजली. मग होकायंत्र घेऊन किब्ल्याची दिशा काढली. आपण सहज 'पश्चिम' म्हणतो. आपल्या भागातून ती पश्चिमेपासून सुमारे १० अंश उत्तरेकडे आहे.

एकदा तिने कागद उलटा धरला म्हणून भाऊ हसला. तेव्हा दोघांना अल-इद्रिसींविषयी सांगितले. त्यांनी ११५४ मध्ये सिसिलीच्या राजासाठी जगाचा नकाशा पूर्ण केला, त्यात दक्षिण वर होती. वर कोणती दिशा ठेवायची, हे माणूसच ठरवतो.

या कागदांचे मोल आमच्यासारख्या भागात अधिकच. भिवंडी तालुक्यात भाताची शेते गेली आणि गोदामे उभी राहिली. नव्या मुलांना तिथे शेत होते हे ठाऊक नाही. नकाशावर मात्र पाहणीच्या वेळची शेते, तळी, नाले, पायवाटा टिकून राहतात. भराव घातला तरी पाणी आपली जुनी वाट विसरत नाही. घर किंवा गाळा घेण्यापूर्वी जुन्या नाल्याची निळी रेघ कुठून जाते, हे पाहून घेतलेले बरे.

एके काळी किनाऱ्यालगतच्या पट्ट्याचे असे तपशीलवार नकाशे सामान्य माणसाला सहज मिळत नसत. २००५ च्या राष्ट्रीय नकाशा धोरणाने सर्वांसाठी वेगळी मालिका आणली. आता विभागाच्या संकेतस्थळावरूनही नकाशे उतरवून घेता येतात. तरी सवड काढून मुलांना एकदा तिथे न्याच. आपले गाव त्यांना स्वतःच्या बोटाने शोधू द्या. घरी आणलेला नकाशा भिंतीवर लावा आणि दादा-दादींना, नाना-नानींना समोर बसवून विचारा, इथे पूर्वी काय होते? ते जे सांगतील, ते पेन्सिलीने तिथल्या तिथे लिहून ठेवा. कारण ती नावे कोणत्याच खात्याच्या कागदावर मिळणार नाहीत.