बादलीभर पाणी

गडगा, म्हणजे नुसत्या दगडांची कोरडी भिंत, रचून झाला की आजोबा विहिरीतून बादलीभर पाणी काढायचे, गडग्यामागच्या मातीत सावकाश ओतायचे आणि पुढे येऊन उकिडवे बसायचे. आम्ही मुलंही शेजारी. दोन-चार मिनिटांत तळाच्या फटीतून एक ओली रेघ उतरायची. "निवळ आलं की गढूळ?" आजोबा विचारायचे, कारण त्यांची नजर तेव्हा अधू झाली होती. गढूळ आलं तर तेवढा भाग उपसून मागे पुन्हा खडी भरायची. निवळ आलं की चहा.

ही गोष्ट सत्तरच्या दशकातल्या नौपाड्याची. गोखले रोडच्या आत आमचं कौलारू घर होतं आणि परसदार मागच्या गटाराकडे उतरत गेलेलं. ओट्यापासून शेवटच्या नारळापर्यंत जेमतेम चार फुटांचा उतार. पण ठाण्यात वर्षाला शंभर इंचांच्या आसपास पाऊस. आजीचा अळवाचा वाफा दर श्रावणात निम्मा वाहून जायचा.

आजोबा रत्नागिरीकडचे. त्यांच्या मते गडगा म्हणजे जांभ्या चिऱ्याचाच. चिरा जमिनीत असतो तोवर मऊ. हत्याराने सरळ तासता येतो आणि हवा लागली की कडक होत जातो. बुकॅनन नावाच्या स्कॉटिश डॉक्टरने केरळात हाच दगड पाहिला आणि 1807 मध्ये छापलेल्या पुस्तकात विटेसाठी असलेल्या लॅटिन शब्दावरून त्याला 'लॅटराइट' म्हटलं. आमच्याकडे मात्र विहीर खणताना निघालेल्या काळ्या दगडाचा ढीग पडला होता. तो सहज तासता येत नाही, निवडावा लागतो. एकेक दगड हातात फिरवून त्याची बसायची बाजू शोधायची. या कामात आजोबांचा अर्धा दिवस कसा जायचा ते कळायचंही नाही.

खाली दोन फूट रुंदी, वर एक फूट. उंची कमरेएवढी. ओळंबा लावायचा, पण भिंत सरळ उभी करायला नाही. फुटामागे दीड-दोन इंच ती मागच्या मातीच्या अंगाला कललेली हवी, म्हणून. मधूनमधून आरपार जाणारा लांब दगड, पोकळीत कपच्या ठोकलेल्या, आणि मागे वीतभर रुंदीची खडी. गवंडी म्हणायचा, दरजा सिमेंटने भरून देतो, पक्कं होईल. आजोबा ऐकायचे नाहीत. मला म्हणाले होते, "अगो, माती धरायची असते. पाणी धरायचं नसतं."

त्या फटींत काय काय राहायचं! पावसाळ्यात नेचे, मऊ शेवाळ, गोगलगायी. उन्हाळ्यात सरडे, आणि एक धामण, जिला आजी कधी मारू द्यायची नाही. पण गडग्याला माणूसही लागायचा. मृगाआधी निसटलेले दगड परत बसवायचे, फटीत उगवलेलं पिंपळाचं रोप मुळासकट उपटायचं. ज्या वर्षी आजोबा आजारी होते, त्या वर्षी दोन हात लांबीचा गडगा ढासळला. हेही सांगायला हवं, नाहीतर आठवण खोटी होते.

पुढे घर पाडून इमारत झाली. गडग्याच्या जागी आरसीसीची भिंत आली. गुळगुळीत, रंगवलेली, आणि दहा-बारा वर्षं मला तिचा अभिमानही वाटला. पाणी जायला तिच्यात पाइप ठेवले होते. रंगकाम करताना ठेकेदाराच्या माणसांनी पाइपांची तोंडं लिंपून टाकली आणि आम्हा कुणाच्याही ते लक्षात आलं नाही. पाण्याला वाट उरली नाही. भिंत ओलसर दिसू लागली, पापुद्रे सुटले, मग एक आडवी चीर पडली. तोंडं फोडून मोकळी केली तेव्हा काळं पाणी कितीतरी वेळ वाहत होतं.

मला भीती कशाची वाटते ते दोन घटना सांगितल्या की कळेल. 29 जून 2019 ला पुण्यात कोंढव्याला कुंपणाची भिंत मजुरांच्या झोपड्यांवर पडून पंधराजण गेले. तीनच दिवसांनी, 2 जुलैला, मध्यरात्रीनंतर मालाडच्या पिंपरीपाड्यात मुसळधार पावसात जलाशयाच्या आवाराची भिंत वस्तीवर कोसळली. तिथे तीसच्या आसपास माणसं गेली. भिंतीची उंची दुप्पट केली की मागच्या मातीचा रेटा दुप्पट होत नाही, चौपट होतो. त्यात पाणी तुंबलं तर त्याचा रेटा वेगळा.

धाकट्या भावाने बदलापूरच्या पुढे उतारावर जागा घेतली आणि विचारलं, "ताई, मागे भिंत कशाची घालू?" फोनवर त्याने चार फोटो पाठवले होते: आरसीसी, सिमेंटचे ब्लॉक, जाळीत दगड भरलेलं गॅबियन, आणि रत्नागिरीहून ट्रकने येणारा चिरा. आजोबांच्या काळी जे हाताशी होतं त्यातून भिंत व्हायची. आज सगळंच मिळतं आणि पायाखालच्या दगडाकडे कुणी बघत नाही. मी विचारलं, "पाया खणलास त्याचा दगड कुठे टाकलास?" तो भरावाला द्यायचं ठरत होतं. मी थांबवलं.

त्याचा उतार सात फुटांचा. एकच सात फुटी भिंत असती तर मी स्वतः सांगितलं असतं की इंजिनिअरकडून आराखडा घेऊन आरसीसीच कर, कोरडा गडगा तिथे चालणार नाही. पण जागा होती. इंजिनिअरला विचारून साडेतीन-साडेतीन फुटांचे दोन गडगे ठरले, मध्ये आठ फुटांची सपाटी. जवळजवळ घेतले तर वरच्याचा भार खालच्यावर येतो. सपाटीच्या कडेला वाळा लावला. आजी माठात घालायची तोच. त्याची मुळं सरळ खोल जातात आणि कोकण रेल्वेनेही आपल्या उतारांवर तो लावला आहे.

रचायला मुरबाडकडचा म्हातारा गवंडी आला. तोही दगड हातात फिरवून बघायचा. खडीच्या मागे त्याने हल्ली मिळतं ते जाड कापड घातलं, माती खडीत येऊ नये म्हणून. आजोबांना ते फार आवडलं असतं.

मे महिन्याच्या शेवटी काम संपलं. विहीर नव्हती; टँकरच्या पाण्याची बादली मागे ओतली आणि मी पुढे येऊन बसले. गुडघे दुखतात आता, तरी उकिडवीच. भाऊ उभाच होता. तळातून रेघ आली, जराशी तांबूस. गवंडी काही न बोलता वाकला आणि त्याने तिथला दगड सैल करायला घेतला.