अर्धवट ओळखीचे शब्द

"मॅडम, तसं त्याचं इंग्लिश चांगलं आहे, फक्त व्होकॅब कच्ची आहे." पुण्यात एसएटीच्या, म्हणजे अमेरिकेतल्या कॉलेजप्रवेशाच्या परीक्षेच्या, इंग्रजीची शिकवणी घेणाऱ्या माणसाला हे वाक्य दर जूनमध्ये ऐकावं लागतं. पाठोपाठ पिशवीतून एक जाडजूड पुस्तक निघतं. ते बहुधा आतेभावाचं किंवा वरच्या मजल्यावरच्या ताईचं असतं, आणि पेन्सिलच्या खुणा फक्त 'ए'च्या पानांवर असतात. 'अबेट', 'अबरेशन', 'अ‍ॅब्स्टेमियस'. 'सी'पर्यंत पोचलेला मुलगा मी क्वचितच पाहिला आहे.

त्या पुस्तकांना मी नावं ठेवत नाही. परीक्षाच तशी होती. १९२६ साली अमेरिकेत पहिली एसएटी झाली, तिच्यात व्याख्या, विरुद्धार्थी शब्द आणि शब्दांच्या जोड्या असे वेगवेगळे भाग होते. जोड्यांचा पुढच्या काळातला एक गाजलेला प्रश्न असा: धावपटूचं मॅरेथॉनशी जे नातं, तेच ऑर्समनचं, म्हणजे वल्हेकऱ्याचं कशाशी? उत्तर होतं 'रिगाटा', होड्यांच्या शर्यतींचा मेळा. या प्रश्नावरून पुढे बरीच टीका झाली. ज्याच्या घरी होड्या, त्यालाच हा शब्द ठाऊक असणार; मग ही बुद्धीची परीक्षा की घरच्या श्रीमंतीची? (आमच्याकडे इंजिनिअरिंग कॉलेजच्या बोट क्लबची रिगाटा गाजते, त्यामुळे शिवाजीनगरचं एखादं पोर तो प्रश्न सहज सोडवून गेलं असतं.) विरुद्धार्थी शब्द १९९४ मध्ये गेले, जोड्या २००५ मध्ये, आणि गाळलेल्या शब्दांचे जुने प्रश्न २०१६ मध्ये. यादी पाठ करून गुण मिळवण्याचे दिवस त्यांच्याबरोबर संपले. ही बातमी आतेभावाच्या पुस्तकाला अजून कळलेली नाही.

भारतातल्या मुलांसाठी २०२३ पासून परीक्षा संगणकावर आली. वाचन-लेखनाच्या ६४ मिनिटांत ५४ प्रश्न. प्रत्येकासाठी २५ ते १५० शब्दांचा एक उतारा. शब्दांचे प्रश्न अगदी सुरुवातीलाच येतात. एका प्रकारात रिकामी जागा असते आणि तिथे सर्वांत नेमका बसणारा शब्द निवडायचा असतो. दुसऱ्या प्रकारात, बरेचदा जुन्या कादंबरीतल्या एखाद्या परिच्छेदात, एक शब्द अधोरेखित असतो आणि तो तिथे कोणत्या अर्थाने आला आहे ते विचारलेलं असतं.

माझी खरी मेहनत या दुसऱ्या प्रकारात जाते. कारण तिथे मुलं अडतात ती अनोळखी शब्दांवर नाही, तर घरच्या शब्दांवर. 'टेंपर' हा शब्द मराठी घरात रोज ऐकू येतो: बाबांचा टेंपर गेला. मग 'नव्या पुराव्याने संशोधकांचा उत्साह टेंपर केला' असं वाक्य आलं की मुलगा 'भडकवला'च्या जवळचा पर्याय उचलतो. तिथे मात्र अर्थ असतो 'आवरला'. 'क्वालिफाय' म्हणजे फायनलमध्ये जाणं, हे आपल्याला क्रिकेटने शिकवलं. लेखिकेने आपलं विधान क्वालिफाय केलं, म्हणजे त्याला अटी घातल्या, ते थोडं आखडतं घेतलं, हे कोणी शिकवलेलं नसतं. 'बेअरिंग' गॅरेजमधलं, 'कन्व्हिक्शन' कोर्टातलं, 'अ‍ॅरेस्ट' पोलिसांचं, 'चॅम्पियन' कुस्तीतला. यांतला प्रत्येक शब्द मराठीत एकच अर्थ घेऊन राहायला आला आणि इथेच स्थायिक झाला. इंग्रजीत मात्र कन्व्हिक्शन म्हणजे ठाम श्रद्धाही, आणि एखाद्या मताला चॅम्पियन करणं म्हणजे त्याची बाजू लावून धरणं. 'अ‍ॅब्स्टेमियस' न येणारा मुलगा निदान सावध तरी असतो. 'टेंपर' येतो असं वाटणारा मुलगा बेसावध असतो, आणि परीक्षक नेमका त्याचीच वाट बघत असतो.

रिकाम्या जागेच्या प्रश्नात मी पर्यायांवर हात ठेवायला लावते. आधी उतारा वाचा, आणि त्या जागी तुमचा शब्द सांगा. मराठीत सांगितला तरी चालेल. 'या दोन भांड्यांच्या नक्षीत साम्य असलं, तरी त्यावरून दोन संस्कृतींचा संबंध जोडणं हा ___ निष्कर्ष ठरेल, कारण पुरावा एका तुकड्यापुरताच आहे.' वर्गात लगेच कुणीतरी म्हणतं, 'डळमळीत.' शाब्बास! आता हात काढा आणि पर्यायांत डळमळीत शोधा: 'टेन्युअस'. हात न ठेवता वाचणारी मुलं चारही पर्याय जिभेवर घोळवतात आणि सर्वांत भारदस्त वाटणारा निवडतात. 'असलं, तरी' आणि 'कारण' यांच्याकडे त्यांचं लक्षच जात नाही, आणि अर्धं उत्तर तर तिथेच असतं. इंग्रजी माध्यमाच्या मुलांना या पद्धतीची सुरुवातीला लाज वाटते. मराठीत विचार केला तर इंग्रजी बिघडेल, असं कुणीतरी त्यांच्या डोक्यात घालून ठेवलेलं असतं. मला ते साफ चूक वाटतं. वाक्याला काय हवं आहे हे ज्या भाषेत आधी कळेल, त्या भाषेत कळू द्यावं.

पाठांतर मात्र सुटत नाही, आणि ते सुटतं असं सांगणाऱ्या शिक्षकावर माझा विश्वास नाही. एबिंगहाउस नावाच्या जर्मन मानसशास्त्रज्ञाने १८८५ मध्ये स्वतःवरच प्रयोग करून दाखवलं की पाठ केलेलं सुरुवातीला झपाट्याने विसरतं, मग हळूहळू; आणि अंतर ठेवून केलेली उजळणी एका बैठकीच्या घोकंपट्टीपेक्षा जास्त टिकते. त्याच तत्त्वावर चालणारी लाइटनरची कार्डांची पेटी मी वापरते: आलेला शब्द मागच्या कप्प्यात, त्याची भेट उशिरा, चुकलेला पुन्हा पहिल्या कप्प्यात, त्याची भेट उद्याच. माझी अट एकच. कार्डाच्या मागे नुसता अर्थ चालणार नाही, वाक्य हवं. स्थळ बघताना आपण फोटोवर थांबत नाही, शेजारीपाजारी चौकशी करतो. शब्दाचीही तशी करावी. 'मिटिगेट'च्या शेजारी धोका, नुकसान, दुष्परिणाम असे शब्द राहतात. हे माहीत नसलेल्या एका विद्यार्थ्याने आपल्या आजीला चहा मिटिगेट करायला लावला होता. अर्थ त्याला बरोबर पाठ होता: कमी करणे.

धातूंवरून अर्थ काढण्याचा मार्ग संस्कृत घेतलेल्या मुलांना आवडतो. दंत आणि डेंटल, नाम आणि नॉमिनल, अग्नी आणि इग्नाइट ही नाती खरीच आहेत, त्यांचा आनंद घ्यावा. पण परीक्षेत त्यांच्यावर विसंबू नये. 'एनर्व्हेट' ऐकायला उत्साह भरणारा वाटतो आणि अर्थ आहे शक्ती काढून घेणं. 'रेस्टिव्ह' विश्रांती घेत नाही, तो अस्वस्थ असतो. 'नॉइसम'चा नॉइजशी काही संबंध नाही.

म्हणून अकरावीत गेलेल्या मुलामुलींच्या आईवडिलांना एवढंच सांगते: यादीचं नवं पुस्तक घेऊ नका. घरात एखादं चांगलं इंग्रजी वर्तमानपत्र सुरू करा आणि त्यातला विज्ञानाचा किंवा इतिहासाचा एक लेख रोज वाचू द्या. ओळखीचा शब्द अनोळखी जागी दिसला, तर त्याचं कार्ड आधी करायला सांगा. सरावाच्या पूर्ण परीक्षा एसएटी घेणाऱ्या कॉलेज बोर्डाच्या ब्लूबुक अ‍ॅपवर फुकट मिळतात. पहिली परीक्षा शिकवणी लावण्याआधी देऊन बघा.