शेरू आणि रात्रपाळी

भुसावळला गाड्यांना खंड नाही, अन् आमच्या शेरूच्या भुंकण्यालाही नव्हता. शेजारचे काका लोको पायलट. रात्रपाळी करून दिवसा झोपणार. "झोपच नाही झाली तर गाडी कशी चालवू, भाऊ?" एवढंच म्हणाले. गल्लीचा सल्ला एकच, लांब सोडून या! जनावर असं वाऱ्यावर सोडणं १९६०च्या कायद्याने गुन्हा. शिवाय शेरू घरचाच.

कुत्र्याला सुमारे ४५,००० हर्ट्झपर्यंत ऐकू येतं, आपल्याला २०,०००. म्हणजे तो उगाच भुंकत नाही. आपण ओरडलो की त्याला साथ मिळाल्यासारखं होतं. म्हणून फाटकाला गोणपाट बांधलं, पहाटे भरपूर फिरवलं, गप्प बसला की लगेच भाकरीचा तुकडा. दीड महिना लागला. अजून भुंकतो, पण दोनदाच.

काका झोपतात. त्यांच्या गाडीत बसणाऱ्यांनाही ते बरंच, नाही का?