फुलसावंगीची मुलगी आणि ‘परम’चे दार

विदर्भात सावंगी नावाची गावे इतकी आहेत, की एसटीत नुसते ‘सावंगी’ म्हणून तिकीट मागितले तर कंडक्टर आधी तुमच्याकडे आणि मग छपराकडे पाहतो. वर्ध्याजवळ सावंगी मेघे आहे, आणखीही कितीतरी आहेत. आमची सावंगी फुलांची! यवतमाळ जिल्ह्याच्या महागाव तालुक्यातली फुलसावंगी. हे माझे आजोळ.

गेल्या दिवाळीत कितीतरी वर्षांनी तिकडे जाण्याचा योग आला. पुण्याहून रात्रीच्या गाडीने निघालो. निघताना आमच्या सौभाग्यवतींनी लाडवांचा एक, चिवड्याचा एक आणि ‘असू दे’ म्हणून आणखी एक, असे तीन डबे बरोबर दिले. दुसऱ्या दिवशी पुसदला उतरलो. पुसद म्हणजे वसंतराव नाईकांचा मुलूख. १९६३ पासून १९७५ पर्यंत महाराष्ट्राचे मुख्यमंत्री राहिलेल्या ह्या माणसाचे गहुली गाव ह्याच तालुक्यातले. तेथून महागाव आणि महागावहून फुलसावंगी. दोन्ही बाजूंना काळी जमीन, कापसाची बोंडे फुटू लागलेली, मध्ये तुरीच्या हिरव्या ओळी, आणि खळ्यावर सोयाबीनचे ढीग. दक्षिणेला पैनगंगा वाहते आणि तिच्यापलीकडे माहूरगडावर रेणुकामाता बसली आहे. ह्या मुलखातली माणसे संकटात सापडली की आधी तिकडे पाहतात आणि मग तहसील कचेरीकडे.

घराच्या ओट्यावर मामी उभ्याच होत्या. “आला का रे बाप्पा? पार वाळून गेला तू पुण्यात,” असे म्हणून त्यांनी माझ्या वाढलेल्या पोटाकडे चक्क दुर्लक्ष केले. आजोळ आजोळ म्हणतात ते ह्यालाच!

चहा झाला. मामेभावाची मुलगी समोर येऊन बसली. जिल्ह्यातल्याच एका कॉलेजात ती यंत्र अभियांत्रिकीच्या शेवटच्या वर्षाला आहे. थोडा वेळ तिने पदराशी चाळा करावा तसा मोबाइलशी चाळा केला आणि मग म्हणाली, “काका, तुमची पुण्यात कोणाशी ओळख आहे का?”

मला वाटले, नोकरीचे असेल. पण ती म्हणाली, “मला परमवर काम करायचं आहे.”

मामींनी ताबडतोब हात जोडले. त्यांना वाटले, नात परमेश्वराच्या गोष्टी बोलते आहे. मग त्यांना समजावून सांगावे लागले, की परम हा पुण्याच्या सी-डॅक ह्या सरकारी संस्थेने बांधलेला महासंगणक. “म्हणजे मोठा कंप्युटर,” मी म्हणालो. “घरात ठेवता येत नाही का?” मामींनी विचारले. नाही येत. त्याला दालन लागते, त्याची स्वतंत्र वीज लागते, आणि तो तापू नये म्हणून रात्रंदिवस गारवा लागतो.

“पण तुला तो कशाला गं?”

ह्यावर ती गप्प झाली. मग हळूच म्हणाली, “काका, ते हेलिकॉप्टर आठवतं ना?”

ते कोणाला आठवत नाही? ह्याच गावातल्या एका तरुण कारागिराने स्वतःच्या हिमतीवर, पत्रे कापून आणि सांधे जुळवून, एक हेलिकॉप्टर तयार केले होते. २०२१ च्या ऑगस्टमध्ये रात्री त्याची चाचणी घेत असताना पाते तुटले आणि तो तरुण गेला. चार दिवस देशभरच्या वर्तमानपत्रांत फुलसावंगीचे नाव छापून आले. मग वर्तमानपत्रे दुसऱ्या बातमीकडे वळली. गाव मात्र अजून तेथेच उभे आहे.

“पातं कुठं तुटेल हे आधी कळू शकतं,” ती म्हणाली. “पात्याचे लाखो बारीक तुकडे कल्पायचे, ते फिरताना प्रत्येकावर किती ताण येतो त्याचं गणित मांडायचं. पातं तुटायचं ते कागदावर तुटेल, माणसावर नाही. पण आमच्या कॉलेजातला संगणक त्याला दोन-दोन दिवस घेतो, आणि मध्येच लाइट गेली की पुन्हा श्रीगणेशा.”

तिने परमसाठी अर्ज केला होता. तो परत आला होता. म्हणून माझी ओळख हवी होती. एकूण काय, दिवाळीच्या दिवशी, लाडू तोंडात असताना, माझ्याकडे वशिला मागितला जात होता.

त्या रात्री अमावास्या होती. ह्या भागात बंजारा समाजाचे तांडे पुष्कळ आहेत. त्यांच्यात दिवाळीला मुली हातात दिवा घेऊन घरोघर जातात आणि वडीलधाऱ्यांना ‘मेरा’ म्हणतात. म्हणजे शुभेच्छाच, पण गाऊन दिलेल्या. जवळच्या तांड्यात आम्ही ते पाहायला गेलो. काळोखात दिव्यांची एक ओळ चालत होती, आणि ती ज्या दारापुढे थांबे ते दार उघडे. कोणी पास विचारत नव्हते. मी ते पाहत होतो आणि डोक्यात मात्र पुण्याचे दार होते.

खरे म्हणजे ह्या दारांचा इतिहास मोठा गमतीचा आहे. मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत आपल्या माणसांनी बांधलेला संगणक १९६० मध्ये तयार झाला. १९६२ मध्ये पंडित नेहरूंनी त्याचे नाव ठेवले ‘टिफ्रॅक’. मग १९६४ मध्ये त्याच संस्थेत अमेरिकेहून सीडीसी ३६०० हे मोठे यंत्र आले. गणित करून हवे असेल त्याने भोके पाडलेल्या कार्डांचा गठ्ठा द्यावा आणि उत्तराची वाट पाहावी, असा तो काळ होता. भटजींना दक्षिणा देऊन बाहेर बसावे तसे!

पुढे पाळी आली खुद्द देशाची. १९८० नंतरच्या दशकात हवामानाच्या अंदाजासाठी आपल्याला अमेरिकेचा क्रे महासंगणक हवा होता. मागितला त्यापेक्षा लहान मिळाला, आणि तोही अटी घालून: हवामानाचे काम करावे, दुसरे नाही, आणि त्याला हात कोणी लावायचा ह्यावरही पहारा. एवढा मोठा देश, पण दाराशी उभा राहिला तेव्हा त्यालाही विचारले गेले, तू कोण आणि कशासाठी?

त्यातूनच १९८८ मध्ये पुण्यात सी-डॅक उभी राहिली आणि १९९१ मध्ये ‘परम ८०००’ तयार झाला. त्या कामाचे धुरीण डॉ. विजय भटकर. त्यांचे जन्मगाव मुरंबा, अकोला जिल्ह्यातले. म्हणजे ज्या वऱ्हाडात आम्ही त्या रात्री दिवे पाहत होतो, त्याच वऱ्हाडातल्या खेड्यातला मुलगा. ‘तुमच्यासाठी नाही’ असे सांगितल्यावर त्यांनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी काय केले, हे सर्वांना ठाऊक आहे.

पुण्याला परतल्यावर मी एका जुन्या स्नेह्याकडे गेलो. ह्यांचा जन्म असल्याच दालनांतून गेला. आता निवृत्त आहेत. पंचवीसेक वर्षांपूर्वी त्यांच्या एका कचेरीत मी दिवाळीचा फराळ घेऊन गेलो होतो. फाटकावरच्या शिपायाने वही पुढे केली. ‘येण्याचे कारण’ ह्या रकान्यात मी खरे ते लिहिले: ‘लाडू देणे’. त्यावर तासभर विचारविनिमय झाला. शेवटी लाडू आत गेले, मी बाहेर राहिलो.

त्यांना मी सगळे सांगितले आणि म्हणालो, “एक फोन करा ना.”

ते म्हणाले, “फोनने उघडलं तर ते कुलूप कसलं?” आणि मग समजावू लागले. “हे बघ, हल्ली कोणाला इमारतीत शिरावं लागत नाही. ती फुलसावंगीच्या ओट्यावर बसून काम करू शकते. पण म्हणूनच कुलूप हवं. २०२० च्या मे महिन्यात युरोपातले कितीतरी महासंगणक बंद ठेवावे लागले. विद्यापीठांतल्या संशोधकांच्या किल्ल्या चोरून कोणीतरी आत शिरलं होतं. एकाची किल्ली हरवली की घर सगळ्यांचं उघडं पडतं. म्हणून तीन गोष्टी विचारतात. तू कोण? काम कसलं? आणि उद्या काही झालं तर तुझ्याबद्दल जबाबदार कोण?”

“मग तिचा अर्ज परत का आला?”

त्यांनी माझ्या मोबाइलवरचा अर्ज वाचला आणि हसले. “तिसऱ्या प्रश्नाचं उत्तरच नाही. मार्गदर्शक प्राध्यापकांची सही नाही, संस्थेच्या प्रमुखांचं पत्र नाही. तिला नाही म्हटलेलंच नाही रे. कागद पुरे करा, म्हटलंय.”

मी लगेच तिला फोन लावला. पलीकडे क्षणभर शांतता. मग ती म्हणाली, “सरांना विचारलं होतं, काका. ते म्हणाले, आपल्या कॉलेजाला कोण देतंय? उगाच सही कशाला?”

म्हणजे कुलूप पुण्यात नव्हतेच! पुण्याचे दार नुसते लोटलेले होते. खरे कुलूप होते त्या एका वाक्याला: आपल्याला कोण देतंय? ह्या कुलपाला ना किल्ली, ना सांकेतिक शब्द. आणि मंडळी, मी तरी काय वेगळे केले होते? मीसुद्धा आधी ओळखच शोधायला धावलो होतो. सरळ मार्गाने हे आपल्याला मिळेल, असे मलाही वाटले नव्हते.

स्नेह्यांनी फोन केला नाही, पण एका कागदावर सारे क्रमाने लिहून दिले. सही कोणाची, पत्र कोणाचे, काम दहा ओळींत कसे सांगावे, किती तास यंत्र लागेल ते कसे काढावे. शेवटी एक वाक्य अधोरेखित केले: ‘हेलिकॉप्टर करणार असे लिहू नये, पात्यावरील ताणाचा अभ्यास असे लिहावे.’ तो कागद घेऊन ती प्राध्यापकांकडे तीनदा गेली. तिसऱ्यांदा त्यांनी सही केली. नंतर म्हणे तेच मुख्याध्यापकाच्या उत्साहाने पत्रासाठी धावले.

देशात महासंगणक काही थोडे नाहीत. २०१५ मध्ये राष्ट्रीय महासंगणन मोहीम सुरू झाली ती ४,५०० कोटींची, आणि तिच्यातून ठिकठिकाणच्या शिक्षणसंस्थांत परम बसले. २०२४ च्या सप्टेंबरात पुण्याच्या उष्णदेशीय हवामान संस्थेतला ‘अर्क’ सुरू झाला. सेकंदाला सुमारे ११,७७० लाख कोटी आकडेमोडी करणारा! तो हवामानापुरताच आहे. पण मामींच्या कापसावर पाऊस केव्हा पडेल त्याचे गणित तेथे होते. म्हणजे न विचारता का होईना, फुलसावंगी तेथवर पोहोचलेली आहेच. आता तिने स्वतःच्या नावाने पोहोचायचे एवढेच बाकी होते.

फाल्गुनात एके रात्री फोन आला. “काका, आलं! नाव आलं, किल्ली आली. काम रांगेत टाकलंय.”

“मग? पातं कुठं तुटतंय?”

“कुठलं काय! चार मिनिटांत परत आलं. माझीच एक ओळ चुकली होती. आता दुरुस्त करून पुन्हा रांगेत उभी आहे.”

मागून मामींचा आवाज आला, “रांगेत उभी हाय म्हन्ते, आनं इथं तर खाटेवर बसून हाय!”

मी म्हणालो, “मामी, उभी राहू द्या. ह्या वेळी ती दाराच्या आतल्या रांगेत आहे.”