हिरव्या पानांतील पोलंगा

सर्व प्राणिमात्रांविषयी मैत्री बाळगण्याचा पाठ आम्ही वसतिगृहात रोज म्हणत असू. पण त्या ‘सर्व’मध्ये सापही येतो, हे मनास पटविणे सोपे नव्हते. आम्ही बहुतेक जण ऊसतोड कामगार व शेतमजुरांची मुले. साप म्हणजे पायाखालचा मृत्यू, हीच आमची ओळख.

पुढे धम्मयात्रेच्या निमित्ताने आम्ही काही माजी विद्यार्थी श्रीलंकेस गेलो. अनुराधपूरच्या बोधिवृक्षास वंदन करून दक्षिणेकडील सिंहराजा अरण्यात पोहोचलो. १९८८ पासून जागतिक वारसा ठरलेल्या या पर्जन्यवनात वाटाड्याने एका फांदीकडे बोट केले. बराच वेळ पानांखेरीज काही दिसेना. मग हिरव्या अंगावरची काळी नक्षी आणि त्रिकोणी डोके ओळखू आले. सिंहली लोक त्याला ‘पला पोलंगा’ म्हणतात. आपल्या सह्याद्रीतील चापड्याचा हा भाऊबंद. मात्र श्रीलंका बेटाबाहेर तो जगात कोठेही आढळत नाही.

शेपटीने फांदीस घट्ट धरून तो दिवसभर निश्चल असतो. डोळा व नाकपुडी यांमधील खळगीने त्यास उष्ण रक्ताच्या भक्ष्याची चाहूल लागते. रात्री तो बेडूक, सरडे, उंदीर टिपतो. मादी अंडी न घालता पिलांनाच जन्म देते.

हाच साप चहा व वेलदोड्याच्या मळ्यांतही राहतो. ब्रिटिश काळात तिथे नेलेल्या तमिळ मजुरांच्या लेकीसुना आजही पाने खुडतात, आणि दंश होतो तो हातावर. मृत्यू क्वचितच येतो. पण हात सुजतो, वेदना असह्य होतात, रोजगार बुडतो. भारतातून तिथे जाणारे प्रतिविष नाग, मण्यार, घोणस व फुरसे या चौघांच्या विषावर बनविलेले. पोलंग्यावर ते चालत नाही. आपल्या चापड्याचीही हीच गत आहे.

त्या फांदीखाली आम्हांस आपल्या आयाबहिणींचे हात आठवले. सापाने अरण्य सोडले नाही; मळा त्याच्या घरात गेला. म्हणून त्यास मारणे हा उपाय नव्हे, आणि नुसते हात जोडणेही पुरेसे नाही. मैत्रीस ज्ञानाची जोड हवी. आज वसतिगृहात राहणाऱ्या मुलांनी हे चार विषारी साप व चापडा ओळखावेत. दंश झाल्यास जखम कापू नये, मांत्रिकाकडे वेळ दवडू नये, थेट रुग्णालय गाठावे. आणि सुटीत घरी गेल्यावर हेच आपल्या फडावर, वस्तीवर सांगावे.